खाणीच्या पाण्यापर्यंत

खडीच्या डोंगराला लागून एक वस्ती होती. त्या वस्तीत सिद्राम आणि तिपण्णा नावाचे दोन मित्र राहत. दोघांचे बाप खाणीत दगड फोडायचे, म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच दोघंही खाणीत कामाला लागले.

सिद्राम तेव्हा नुकताच काविळीतून उठला होता. घण उचलण्याएवढं बळ त्याच्या अंगात नव्हतं. मुकादमानं तिपण्णाला एक हलकं काम दिलं होतं. सुरुंग उडवायच्या आधी लाल निशाण घेऊन रस्त्यानं पळत जायचं, शिट्टी फुंकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना लांबच थांबवायचं. तिपण्णानं ते निशाण सिद्रामच्या हातात दिलं आणि स्वतः सुरुंगासाठी दगडाला भोकं पाडायच्या मशीनवर जाऊन उभा राहिला.

"तू बरा झालास की बदलून घेऊ," तो म्हणाला.

सिद्राम बरा झाला. बदलून घ्यायचं मात्र राहून गेलं. आधी तिपण्णानं विषय काढला नाही, आणि पुढे सिद्रामनंही काढला नाही.

अशी वीस वर्षं गेली. सिद्राम मोकळ्या हवेत पळत राहिला आणि तिपण्णा दगडाची धूळ गिळत राहिला. मग खाण बंद पडली आणि तिच्या खड्ड्यात पाणी साठलं. सिद्रामला ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडायचं काम मिळालं. तिपण्णा घरी बसला. चाळिशीतच त्याची छाती बसली होती. चार शब्द बोलला की त्याला धाप लागायची. त्याची बायको नागव्वा लोकांच्या शेतात खुरपायला जायची आणि संध्याकाळी येऊन त्याची पाठ चोळायची. वस्तीत असे आणखी पंधरा-वीस जण होते. त्यांच्या खोकण्याच्या आवाजावरून कोणतं घर कोणाचं ते अंधारातही ओळखू यायचं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई महिन्यातून एकदा वस्तीवर येत. त्यांनी तिपण्णाची छाती तपासली आणि बाहेर येऊन सिद्रामला सांगितलं, "हा आजार बरा होत नाही. पण घरात ऑक्सिजनचं मशीन असेल तर त्रास कमी होईल. रात्री झोप तरी लागेल."

"मग द्या की मशीन."

"सरकारी एकच आहे, आणि ते दवाखान्यातून हलवता येत नाही. नवीन घ्यायचं तर पैसे उभे करावे लागतील." बाईंनी त्याच्या पायांकडे बघितलं. "तुम्ही खाणीवर निशाण घेऊन पळायचात ना? शहरात दर वर्षी मोठी शर्यत असते. बेचाळीस किलोमीटरची. लोक चांगल्या कामासाठी पळतात आणि त्यांच्याकडे बघून बाकीचे लोक पैसे देतात."

सिद्रामला त्या रात्री झोप आली नाही. त्याला वाटलं, देवानं आपल्याला पाय दिले ते यासाठीच. सकाळी उठून तो तिपण्णाच्या दारात गेला आणि म्हणाला, "मी पळणार आहे. तुझ्यासाठी."

तिपण्णा हसला. हसतानाही त्याला धाप लागली.

त्या दिवसापासून सिद्राम पहाटे पळायला लागला. डॉक्टरबाईंच्या भावानं त्याला चांगले बूट दिले, मनगटावर बांधायचं घड्याळ दिलं आणि एक कागद लिहून दिला. कोणत्या दिवशी किती पळायचं, कोणत्या दिवशी विश्रांती घ्यायची, काय खायचं, सगळं त्यात होतं. सिद्राम त्या कागदाबाहेर एक पाऊल टाकत नसे. पळून आला की नळाला पाणी सोडायचा, आणि दुपारनंतर गावोगाव फिरून मदत मागायचा. शाळेतल्या गुरुजींनी दिली, आठवड्याच्या बाजारातल्या भाजीवाल्यांनी दिली, ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यानं तर चौकात सिद्रामचा फोटो लावला. 'श्वासासाठी धाव' असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

लोक त्याला ओळखायला लागले. तो रस्त्यानं पळत निघाला की पोरंटोरं दारात येऊन उभी राहायची. चहाच्या टपरीवर कुणी त्याच्याकडून पैसे घेईना. वीस वर्षं निशाण घेऊन पळताना त्याला कुणी नाव विचारलं नव्हतं. आता अनोळखी माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवायची. सिद्रामला ते आवडायचं. आवडणारच, तोही माणूसच होता.

शर्यतीला चार महिने उरले होते, तेव्हा एका संध्याकाळी तिपण्णानं त्याला बोलावून घेतलं.

"एक काम होतं," तो म्हणाला. "मला खाणीच्या पाण्यापर्यंत घेऊन चल."

"तिथं काय आहे?"

"माहीत नाही. तेच बघायचंय. वीस वर्षं त्या खड्ड्यात होतो. तिथं धुळीशिवाय काही दिसलं नाही. आता पाणी आहे म्हणतात. पाखरं येतात म्हणतात."

वस्तीपासून खाण एक किलोमीटरही नव्हती. पण तिपण्णाला दहा पावलांवर थांबावं लागायचं. जायला दोन तास आणि यायला दोन तास सहज लागले असते.

"नागव्वाला घेऊन जा की," सिद्राम म्हणाला.

"ती रडेल. तू रडणार नाहीस."

सिद्रामनं रविवारी येतो म्हणून सांगितलं. पण कागदावर रविवार हा सगळ्यात लांब पळण्याचा दिवस होता. तो पळून आला तेव्हा ऊन चढलं होतं. पुढचा रविवारही तसाच गेला. तिसऱ्या वेळी शेजारच्या गावात त्याचा सत्कार होता. तिथं मदत मिळणार होती, ती सोडून कसं चालेल? तिपण्णानं तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाला, "मशीन येईल तेव्हा येईल. पाय आहेत तोवर चल."

शेवटी एका बुधवारी सिद्राम गेला. पहाटेचं पळणं त्यानं संध्याकाळवर ढकललं होतं, आणि ते त्याच्या मनाला टोचत होतं. तिपण्णा धुतलेला सदरा घालून दारात तयार बसला होता. हातात काठी होती. नागव्वानं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि ती कामाला गेली.

दोघं निघाले. तिपण्णा दहा पावलं चालायचा आणि काठीवर वाकून उभा राहायचा. श्वास जागेवर यायला वेळ लागायचा. मग पुन्हा दहा पावलं. वाटेत त्यानं बाभळीवरचं सुगरणीचं घरटं दाखवलं. एका दगडावर बसून जुन्या मुकादमाची नक्कल केली आणि खोकत खोकत हसला. सिद्रामही हसला, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. तिपण्णा थांबला की तो उभ्या उभ्या पाय ताणून घ्यायचा, टाचा वर-खाली करायचा. असं हळू चालून पाय आखडतील की काय, अशी त्याला धास्ती वाटत होती. पाऊण तासात ते अर्ध्या वाटेवरच्या चिंचेपर्यंत पोहोचले. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ वाजलं. नळाला पाणी सोडायची वेळ झाली होती.

"आज इथूनच फिरू," सिद्राम म्हणाला. "शर्यत झाली की निवांत जाऊ."

तिपण्णानं समोर बघितलं. खाणीची कडा तिथून दिसत होती.

"तू जा. मी इथं बसतो. पाणी सोडून ये, मग पुढं जाऊ."

"मग परत यायला दुपार होईल तुला. आणि संध्याकाळी मला पळायचंय. तुझ्यासाठीच पळतोय ना मी?"

तिपण्णानं मान हलवली आणि काठी फिरवून वस्तीकडे तोंड केलं. परतीच्या वाटेवर तो खाली बघत चालला. सिद्रामला वाटलं, दमला असेल. त्यानंतर तिपण्णानं पाण्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

शर्यतीचा दिवस आला. हजारो माणसं पळत होती. पस्तीस किलोमीटरनंतर सिद्रामच्या पोटऱ्यांत गोळे आले. छाती फुटेल असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला श्वास पुरेनासा झाला, आणि तिपण्णा रोज कसा जगतो ते त्याला कळलं. तो रडत रडत पळाला आणि त्यानं शर्यत पुरी केली. टाळ्या पडल्या. गळ्यात पदक आलं. दोन मशीनं येतील एवढी मदत जमली होती.

वस्तीवर लोकांनी त्याला ट्रॅक्टरवर बसवून मिरवत आणलं. ट्रॅक्टरवरून उतरून तो थेट तिपण्णाकडे गेला. गेल्या महिन्यात धावपळीत त्याचं इकडे येणंच झालं नव्हतं. तिपण्णा भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर वाकून बसला होता. आडवं झालं की गुदमरायला होत असल्यामुळे तो रात्रंदिवस तसाच बसायचा. त्याची मनगटं मुलाच्या मनगटाएवढी झाली होती.

सिद्रामनं पदक त्याच्या हातात ठेवलं.

"जड आहे," तिपण्णा म्हणाला.

"उद्या सकाळी पाण्यावर जाऊ. आता मला काही काम नाही."

"आता उंबऱ्यापर्यंतही जाता येत नाही."

"पाठीवर घेऊन जातो."

"मला चालत जायचं होतं," तिपण्णा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सिद्रामला बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी दोन्ही मशीनं आली; एक वस्तीतल्या दुसऱ्या आजाऱ्याकडे गेलं, एक तिपण्णाकडे. डॉक्टरबाईंनी नळी तिपण्णाच्या नाकाशी लावली. त्या रात्री तो कित्येक महिन्यांनी आडवा झोपला, आणि नागव्वाही झोपली. सिद्राम आता रोज सकाळी येऊन त्याच्याजवळ बसायचा. पळणं त्यानं बंद केलं होतं.

एकदा तिपण्णानं विचारलं, "तू तर रोज खाणीवरून पळायचास. कसं दिसतं रे पाणी?"

सिद्राम कित्येक महिने रोज त्या कडेनं पळाला होता, पण एकदाही थांबून त्यानं आत बघितलं नव्हतं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "निळं."

"मी पाडलेली भोकं दिसतात का? कड्यावर अर्धी-अर्धी उरली असतील."

"दिसतात."

"कोणत्या बाजूला?"

सिद्राम नळी सारखी करायला वाकला. तिपण्णानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

सिद्राम तसाच उठला आणि खाणीकडे गेला. पाणी निळं नव्हतं, हिरवं होतं. एक खंड्या पाण्यावर सूर मारत होता. कड्याच्या उगवतीच्या अंगाला भोकांच्या खुणा होत्या. वरून खाली सरळ, एका ओळीत, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. एका माणसानं किती वर्षं ते भोकं पाडायचं मशीन छातीशी धरलं होतं, ते त्या कड्यावर स्पष्ट दिसत होतं. सिद्राम सगळं नीट डोळ्यांत साठवून परत आला. पण तिपण्णाला ग्लानी आली होती. सिद्रामनं त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "उगवतीला आहेत. सगळी आहेत." त्यानं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

तेरा दिवस झाल्यावर नागव्वानं मशीन पुसून कापडात बांधलं आणि सिद्रामला म्हणाली, "दुसऱ्या कुणाला द्या, भाऊजी. त्याच्यामुळं ते शेवटी आडवे झोपले. तुमचे उपकार आहेत." सिद्रामला तिच्याकडे बघता आलं नाही. मशीन शेजारच्या घरात गेलं, तिथून आणखी पुढच्या घरात गेलं. त्यानं बऱ्याच जणांना झोप दिली. सिद्रामचं धावणं वाया गेलं असं कुणालाच म्हणता आलं नसतं, आणि कुणी म्हणालंही नाही.

वर्षानं डॉक्टरबाईंनी पुन्हा शर्यतीचं विचारलं. सिद्राम हो म्हणाला. पण या वेळी त्यानं कागदावरच्या अर्ध्या सकाळी खोडून टाकल्या. त्या सकाळी तो ज्याला धाप लागते त्याच्या दारात जायचा आणि विचारायचा, "कुठं जायचंय?" कुणाला देवळात जायचं असायचं, कुणाला भावाच्या घरी, कुणाला नुसतं सडकेपर्यंत. सिद्राम घड्याळ घरी ठेवून निघायचा. माणूस थांबला की तोही थांबायचा.

त्या वर्षी शर्यत पुरी करायला त्याला तासभर जास्त लागला. चौकातला फोटो उतरला होता. मदतही थोडी कमी जमली, एकच मशीन आलं. लोक म्हणाले, सिद्राम थकला. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. तिपण्णाबरोबरचं अर्धं राहिलेलं चालणं त्याला जन्मभर पुरं करता आलं नाही.

तात्पर्य: ज्याच्या भल्यासाठी मोठं काम हाती घेतलं, त्यानं स्वतः मागितलेली लहानशी गोष्ट आधी करावी. मोठं काम पुढच्या वर्षीही करता येतं; तो माणूस पुढच्या वर्षी असेलच असं नाही.