देवाचा वारस

रोमच्या एका सम्राटाने स्वतःला देव म्हणून जाहीर केलं. थोड्याच दिवसांत त्याचा पुतण्या कैदेत पडला. "तुमच्या पश्चात गादीवर बसायची तो वाट बघतोय," असं एका सरदाराने सम्राटाच्या कानात घातलं होतं.

पुतण्याची बहीण रुबेलिया दरबारात आली. राजघराण्यातली असूनही तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. ही काय बोलणार, म्हणून सगळे कान टवकारून बसले.

"काका, देवाला मरण असतं का?" तिने विचारलं.

"नसतं," सम्राट म्हणाला.

"मग तुमची गादी रिकामी कधी होणार? तुमच्या पश्चातची काळजी वाहणारे हे सरदार तुम्हाला देव मानतात का, ते आधी विचारा."

सरदाराचा चेहरा पडला. सम्राटाने पुतण्याला सोडायला सांगितलं.