वीतभर पोचा

नाडगौडासाहेब एका गॅस कंपनीचे मुख्य अभियंता होते. पाइपलाइनची तब्येत त्यांना केबिनमध्ये बसूनच कळायची, त्यामुळे उन्हात जायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येई.

एकदा आठवडी बाजाराच्या कडेने गेलेल्या नव्या पोलादी पाइपला जेसीबीचा दात लागून पोचा आला. तपासनीस सुलभा खरसाडे खड्ड्यात उतरली. तिने पोचा मोजला, तेव्हा नेमका वेल्डिंगच्या जोडावर खोल ओरखडा दिसला. 'हा तुकडा बदलेपर्यंत गॅस सोडू नये,' असा अहवाल तिने दिला.

साहेब खवळले. परवा मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होतं. त्यांनी भर बैठकीत तिला उभं केलं.

"बाई, पाइप चाळीस किलोमीटरचा आणि पोचा वीतभर! म्हणजे नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त पाइप ठणठणीत आहे. गणित येतं ना तुम्हाला?"

"येतं साहेब, आणि तुमचं अगदी बरोबर आहे," सुलभा म्हणाली. "मी आत्ता मंजुरीवर सही करते. फक्त तुम्ही गॅसला लेखी आदेश द्या, की त्याने ठणठणीत पाइपातूनच जावं आणि तेवढी वीत गाळावी."

तिने कोरा कागद पुढे सरकवला. कोणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. साहेबांनी पेन उघडलं, पुन्हा टोपण लावलं आणि उद्घाटन पुढे ढकललं.

तुकडा कापला, तर आत बोटभर भेग निघाली.

उद्घाटनाच्या भाषणात साहेब गरजले, "सुरक्षेच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही!"

सर्वांत जोरात टाळ्या सुलभाने वाजवल्या.