चौथा स्थिरांक

“आणि स्पिनची दिशा? तीही जुळली?” खांबेटेसरांनी विचारलं.

“तीही जुळली, सर.” सांगलीच्या गाडीत बसल्यापासून निशिकांत हेच वाक्य घोळवत होता.

प्रोटॉनवर प्रोटॉन आपटले, की क्वचित एक जड क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क जन्माला येतात आणि क्षणभर एकमेकांना धरून राहतात. ही जोडी जमते कशी, याचा सिद्धांत सरांचा. अशा जोड्या किती सापडतील ते त्यांनी बरोबर सांगितलं आणि जगभर नाव झालं. मग कुणीतरी त्या जोड्यांच्या स्पिनची, म्हणजे फिरकीची, दिशा मोजली. सिद्धांताप्रमाणे सगळ्या एका बाजूला कलायला हव्या होत्या. त्या कुठेच कलत नव्हत्या.

तेव्हापासून लोक सरांविषयी हळू आवाजात बोलत. निशिकांतला ते सहन होत नसे. शिवाय, खरं सांगायचं तर, त्याची स्वतःची सगळी पुण्याई त्याच सिद्धांतावर उभी होती. आता सर खाटेवरून उठत नव्हते. लेखावर त्यांची सही मिळाली, की गंगेत घोडं न्हालं.

सरांनी आलेख डोळ्यांजवळ धरला. रेघ प्रत्येक ठिपक्यातून गेली होती.

“काय केलंस?”

“एक स्थिरांक वाढवला. चौथा.”

“त्याची किंमत गणितातून आली?”

“नाही... मोजमापांतून काढली.”

“कुठल्या?”

“याच.”

“आणि ताडून पाहिलीस ती...”

“याच मोजमापांशी,” निशिकांत पुटपुटला. मग त्याला रागच आला. “पहिले तीन तुम्हीही मोजमापांतूनच घेतले होते, सर.”

“घेतले. पण ते घेऊन, न मोजलेल्या गोष्टीबद्दल बोललो. म्हणून तर खोटा ठरलो.” सरांना धाप लागली. “तुझा चौथा असं काही बोलतो?”



“सिद्धांत जाईल, सर,” निशिकांत म्हणाला. “तुमचा सगळा जन्म...”

सरांनी सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं आणि कागद त्याच्याकडे परत सरकवला.

“कालिंदीच्या दहाव्याला तू होतास.”

होता. घाटावर पिंड मांडून सगळे ताटकळले होते. कावळे समोरच्या पिंपळावर बसून राहिले, एकही खाली येईना. कालिंदीकाकूंची काहीतरी इच्छा राहिली असणार, असं बायका कुजबुजल्या. असलं काही न मानणारे सर हात जोडून एकेक कबूल करत गेले. लेकीचं बघेन, तुझ्या बहिणीला सांभाळेन, दारू सोडेन. ऊन डोक्यावर आलं, मंडळी घड्याळं बघू लागली. तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला.

“होतो, सर.”

“घरी येऊन जेवलो आपण सगळे,” सर म्हणाले. “पण तिचं काय राहिलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.”