पहिल्या शुक्रवारची पत्रं

“ही पत्रं कोणी लिहिली, सिस्टर?”

विचारणाऱ्या बाई अमेरिकेतून निवृत्त होऊन नुकत्याच वसईला परतल्या होत्या. डॉ. प्रिस्का मच्याडो. कॅथलिक साहित्य आणि अमेरिकन लेखिका हा त्यांचा विषय. त्या लेखिकांचा जुना पत्रव्यवहार चाळण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. कोणत्या लेखिकेला कोणत्या शुक्रवारी ताप भरला होता, हे त्यांना तोंडपाठ होतं.

सिस्टर अपोलोनिया एक्क्याण्णव वर्षांच्या. प्रिस्काला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. कॉन्व्हेंटच्या ओट्यावर बसून त्या सुपात वालाच्या शेंगा सोलत होत्या.

“कुठली पत्रं?”

“आईच्या पेटीत सापडली. सलग सात वर्षं लिहिलेली आहेत. सगळ्यांखाली सही माझी. ना पाकीट, ना तिकीट... आणि यातलं एकही मी लिहिलेलं नाही.”

“मग मीच लिहिली,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

इतक्या सहज कबुलीची प्रिस्काबाईंना सवय नव्हती. त्यांच्या क्षेत्रात अशी गोष्ट सिद्ध करायला दोन वर्षं आणि एक जाडजूड ग्रंथ लागतो.

“आमच्याकडे याला बनावट पत्रं म्हणतात. ती पकडण्यात माझी हयात गेली, सिस्टर.”

“इथे कशावरून पकडलंस?”

“अक्षरावरून. हे वळण मी विसरेन होय?”

“चला, शिकवलेलं वाया नाही गेलं.”

प्रिस्काबाई हसल्या नाहीत.

“पण का लिहिलीत?”

“तुझी आई दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की इथे यायची. तिला वाचता येत नव्हतं. प्रिस्काचं काही आलंय का, म्हणून विचारायची. पहिली दोन वर्षं तू लिहीत होतीस, मी वाचून दाखवायचे. मग तुझी ती डॉक्टरेट सुरू झाली...”

“मी कार्डं पाठवत होते.”

“नाताळला. एक वर्ष सोडून एक.”

प्रिस्काबाईंनी हातातला पत्रांचा गठ्ठा ओट्यावर ठेवला.

“अकरा महिने मी तिला ‘नाही आलं’ म्हणून सांगितलं. ‘बरं’ म्हणून ती निघून जायची. बाराव्या महिन्यात मला तिचं ते ‘बरं’ ऐकवेना.”

“म्हणून खोटं बोललात? व्रत घेतलेल्या बाई तुम्ही!”

“हो.”

“पापनिवेदन केलंत?”

“दर महिन्याला.”

“आणि पुन्हा लिहिलंत?”

“दर महिन्याला.”

“फादर काही बोलले नाहीत?”

“पहिल्यांदा फार रागावले. पुढे पुढे विचारायला लागले, या खेपेला काय लिहिलंय म्हणून.”

आपला राग आता कुठे ठेवावा, हे प्रिस्काबाईंनाच कळेना. त्यांनी गठ्ठ्यातलं एक पत्र ओढलं आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं.

“‘आई, गुडघा कसा आहे? विहिरीवर जाऊ नकोस, शेजारच्यांना सांग पाणी काढायला.’ ही माझी भाषा आहे? मला तर आईचा गुडघा दुखायचा, हेसुद्धा माहीत नव्हतं!”

सिस्टरांचे हात थांबले.

“तिनं कळवलं होतं तुला. चार वेळा. तीही पत्रं मीच लिहिली, ती सांगायची तशी.”

...

ती पत्रं पोचली होती. सुट्टीत निवांत वाचू म्हणून प्रिस्काबाईंनी ती टेबलाच्या खणात ठेवली होती. चारही पाकिटं फोडलीसुद्धा नव्हती. नंतर त्यांनी तीनदा घर बदललं. त्याच काळात एका लेखिकेनं स्वतःच्या आईला लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी त्या ग्रंथालयात बसून तीन आठवडे भिंगाखाली वाचत होत्या. त्या चिठ्ठीवर त्यांचा निबंध आहे, त्याला पारितोषिकही मिळालं.

त्यांना लाज वाटली. इतकी की पत्राची घडी घालतानाही ते धड दुमडेना.

“आईच्या अंत्यविधीलाही मी आले नाही,” त्या म्हणाल्या. “परिषद होती. अध्यक्ष मीच होते.”

“माहीत आहे.”

“मला एकच सांगा, सिस्टर. पुन्हा काही विचारणार नाही. माझी आई... फसून गेली का? हे सगळं माझंच आहे असं समजून गेली का?”

सिस्टरांनी मांडीवरची सालं झटकली आणि सूप बाजूला सरकवलं.

“तिसऱ्याच पत्राला तिनं मला मधेच थांबवलं. म्हणाली, ‘सिस्टर, आमची प्रिस्का एवढ्या मायेनं कधी बोलत नाय.’”

प्रिस्काबाईंनी पदर तोंडाशी धरला.

“मग?”

“मग म्हणाली, ‘वाचा पुढं.’”