आरोळ्या आणि कानोसा

यंत्रंही एकमेकांशी भांडायची, त्या काळची ही गोष्ट. खाडीचा तळ मोजणाऱ्या एका बोटीवर आरोळ्या नावाचं यंत्र होतं. तो पाण्यात जोरात ओरडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून खोली सांगायचा.

"ही खाडी ओसाड आहे," तो ठासून म्हणायचा. "रोज हाका मारतो, माझाच आवाज परत येतो. त्रास होणार तरी कोणाला?"

शेजारी टांगलेलं ऐकण्याचं यंत्र, कानोसा, वैतागून म्हणाला, "अरे, घटकाभर गप्प बस की!"

आरोळ्या फुरंगटून गप्प बसला. हळूहळू तळाशी कोळंबी तडतडली, मासे गुरगुरले. मग एका डॉल्फिनची व्याकूळ शीळ आली, "बाळा, कुठे आहेस रे?"

"इथंच आहे गं आई! सकाळपासून तुझी हाक ऐकूच येत नव्हती!"

"म्हणजे माझ्याच ओरडण्यात ती हाक बुडत होती!" आरोळ्या पुटपुटला.

दुसऱ्या दिवसापासून आधी कानोसा पाण्यात उतरू लागला. जवळपास कोणी नाही, असं तो म्हणाला तरच आरोळ्या बारीक आवाजात काम सुरू करी. महिनाभर जास्त लागला, पण तळाचा नकाशा पुरा झाला.

त्या दिवशी आरोळ्याने हळूच विचारलं, "कोण आहे रे तिकडे?" आणि तो थांबला.

साऱ्या खाडीने एकदम ओ दिली.