गार गाडीची थरथर

घाटमाथ्यावरच्या एका गावात बाबालाल नावाचा एक मेकॅनिक होता. त्याचे वस्ताद इंजिनाला नुसता कान लावून दुखणं सांगत. फार छान दिवस होते ते. गावात मोटारी मोजून सात, आणि कोणती घाट चढतेय हे लोक घरात बसल्या बसल्या ओळखत. पुढे वस्ताद गेले, गाड्या वाढल्या आणि गाडीला वायर जोडली की दोष दाखवणारं एक मशीन बाबालालने आणलं. त्या मशीनवर त्याचा भारी जीव. ते सांगेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा.

गावाबाहेर तीन मैलांवरच्या वस्तीत मालिनीबाई राहत. जुन्या नर्स. निम्मं गाव त्यांच्या हातांवर जन्मलेलं, बाबालालसुद्धा. त्यांच्याकडे यजमानांच्या मागे राहिलेली एक पेट्रोल गाडी होती, कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं त्या सुरुवातीच्या वर्षांतली. यजमान होते तेव्हा रोज सकाळी ती सुरू करून ठेवत आणि बॉनेटवर हात टेकून उभ्यानेच चहा पीत.

त्या वर्षी थंडी पडली आणि सकाळी सुरू केली की गाडी थरथरू लागली. कधी बंदच पडे. पाच-सात मिनिटांनी मात्र शहाण्यासारखी चाले. बाई ती घेऊन गॅरेजात गेल्या. बाबालालने प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, मशीन लावलं. मशीन काहीच दाखवेना. असं तीनदा झालं.

"गाडीत काय बी न्हाई, बाई," बाबालाल म्हणाला. "वय झालं आता. भास होतोय तुमाला."

इकडे बाईंचा मुलगा म्हणत होता, भरवशाची राहिली नाही, देऊन टाकू. रविवारी भंगारवाला न्यायला येणार होता. बाईंचा जीव तुटत होता.

त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबालाल, पहाटे ताप चढणारं पोर दहा वाजता दवाखान्यात हसत यायचं. म्हणून मी त्याच्या आईला खोटी म्हटलं नाही. पहाटे तिच्या घरी गेले. तुझ्या आईकडेही गेले होते."

बाबालालला ते लागलं. गॅरेज दहाला उघडायचं ही त्याची शिस्त, आणि गाडी त्याच्यापर्यंत यायची ती तीन मैल चालून, तापूनच. इतके दिवस हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मशीन घरी ठेवून बाईंच्या अंगणात हजर झाला. बाईंनी चावी फिरवली. गाडी थरथरली. त्याने वस्तादांसारखा कान लावला. आतून बारीक सूं सूं ऐकू येत होतं. इंजिनामागच्या एका रबरी नळीला चीर गेली होती. गारठ्यात रबर आखडून चीर उघडे आणि नको ती हवा आत शिरे. इंजिन तापलं की रबर सैल होऊन चीर मिटे. त्याने चिरेवर बोट दाबलं. थरथर थांबली.

बोट तसंच ठेवून तो म्हणाला, "चुकलो, बाई. गाडीचं बी खरं हुतं आन् तुमचं बी."

त्याच दिवशी त्याने नवी नळी बसवली. रविवारी भंगारवाला हात हलवत परत गेला. सोमवारी सकाळी मालिनीबाईंनी गाडी सुरू केली, बॉनेटवर हात टेकला आणि उभ्यानेच चहा घेतला.

तात्पर्य: ज्याचं दुखणं ज्या वेळी उठतं, त्या वेळी त्याच्या दारी जाऊन पाहावं; आपल्या सोयीच्या वेळी दिसलं नाही म्हणून त्याला खोटं म्हणू नये.