पुंजाराम नक्कल देतो

एका तालुक्याच्या गावी एक भोळा कारकून होता. भोळा म्हणजे किती? कुणी "जरा पिशवी धर" म्हणून गेला, तर संध्याकाळपर्यंत पिशवी धरून उभा राहील इतका. नाव पुंजाराम. सरकारने त्याला कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खोलीत नेमलं. लोकांचे कागद लोकांना बघायला मिळावेत म्हणून ती खोली होती, आणि ते मिळू नयेत म्हणून तिथे अष्टेकरसाहेब होते.

साहेबांनी पहिल्याच दिवशी काम समजावलं. "सोपं आहे. माणूस येतो, नक्कल मागतो. नक्कल द्यायची. अगदी हुबेहूब. आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

"बरं साहेब."

तेवढ्यात वरच्या वाडीच्या तान्हाबाई आल्या. नाव तान्हाबाई, पण वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेल्या. वाडीच्या विहिरीला दौलतराव नावाच्या बड्या असामीने कुलूप घातलं होतं आणि विहीर माझीच म्हणून तो सांगत होता. विहीर गावाची आहे हे सरकारच्या दप्तरात लिहिलेलं होतं. सोमवारी प्रांतसाहेबांपुढे सुनावणी होती. तोवर तो कागद मिळाला नाही, तर कुलूप कायमचं, आणि वाडीच्या बायकांना पाण्यासाठी टेकडी उतरून ओढ्यावर जाणं आलं.

"लेकरा," तान्हाबाई म्हणाल्या, "हिरीच्या कागदाची नक्कल पायजे व्हती."

पुंजाराम उठला. कमरेत वाकला. गालफडं आत घेऊन त्याने तोंडाचं बोळकं केलं. "लेकरा, हिरीच्या कागदाची नक्कल पायजे व्हती."

"का रं, म्हाताऱ्या माणसाची टिंगल करतूस?"

"का रं, म्हाताऱ्या माणसाची टिंगल करतूस?" पदरचं काहीही न घालता पुंजाराम म्हणाला.

साहेब धावत आले. आधी तान्हाबाईंना "उद्या या" म्हणाले, कारण ते त्यांना तोंडपाठ होतं. मग पुंजारामकडे वळले. "अरे गाढवा, माणसाची नक्कल नाही करायची. कागदाची करायची!"

"असं होय! चुकलं साहेब."

दुसऱ्या दिवशी तान्हाबाई पुन्हा आल्या. "बसा," म्हणून पुंजाराम आत गेला तो आलाच नाही. दुपार झाली तरी पत्ता नाही. शेवटी साहेब शोधायला गेले. बघतात तर पुंजाराम सगळ्यात वरच्या फळीवर, दोन गठ्ठ्यांच्या मध्ये, लाल फडक्यात स्वतःला गुंडाळून आडवा. डोक्यावर धूळ, नाकावर कोळिष्टक.

"हे काय चाललंय?"

पुंजाराम गप्प. कागद कधी बोलतो का? फारच ओरडा झाला तेव्हा हळूच म्हणाला, "साहेब, कागदाची नक्कल करतोय. इथले कागद असेच पडून असतात."

साहेबांना हे वर्मी लागलं. "मूर्खा, कागद असे अंधारात ठेवायचे नसतात. ते उजेडात आणायचे असतात!" हे वाक्य त्यांनी कुठल्याशा भाषणात ऐकलं होतं. ते कुणी अमलात आणील, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पुंजारामने पुढच्या दिवशी सकाळीच दप्तर पटांगणात आणून उन्हात पसरलं. शेळ्या आल्या. त्यांनी एक सबंध गठ्ठा खाल्ला. त्या दप्तराने कुणाचं तरी पोट भरल्याची ही पहिलीच वेळ. तान्हाबाई मात्र काठी घेऊन शेळ्यांमागे धावत होत्या. आपली विहीर यातल्या कुठल्या शेळीच्या पोटात गेली की काय, या भीतीने बिचारीचा जीव टांगणीला लागला होता.

"उद्या या!" साहेब आधी तान्हाबाईंवर ओरडले, मग पुंजारामवर. "कुणीही यावं आणि तोंड लावावं, ही काय धर्मशाळा आहे? येईल त्याला आधी दारात अडवायचं. तू कोण? कागदाशी तुझा संबंध काय? ओळखपत्र कुठंय? नसेल तर हाकलून द्यायचं!"

"असं होय! चुकलं साहेब."

त्यानंतर जो पहिला माणूस दारात आला, ते प्रांतसाहेब होते. तपासणीला आले होते.

"तू कोण?" पुंजाराम म्हणाला.

"मी इथला प्रांत."

"कागदाशी तुझा संबंध काय?"

प्रांतसाहेबांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. त्यांनी बराच विचार केला, पण चटकन काही आठवेना. ओळखपत्र गाडीत राहिलं होतं. पुंजारामने त्यांना फाटकापर्यंत पिटाळत नेलं.

अष्टेकरसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे शुंभा, मोठ्या माणसांना हे नियम नसतात! मोठं माणूस आलं की उठून नमस्कार करायचा, माझी खुर्ची द्यायची, चहा पाजायचा आणि मागतील तो कागद तिथल्या तिथे हातात ठेवायचा. वर एक अक्षर विचारायचं नाही!"

"असं होय! चुकलं साहेब."

दुसऱ्या दिवशी साहेब दौलतरावांकडे जेवायला गेले होते. तान्हाबाई उंबऱ्याशी आल्या आणि बिचकून तिथेच थांबल्या.

पुंजारामने विचारलं, "आजी, तुम्ही मोठं माणूस का?"

"आता वाडीत माझ्याहून मोठं कोन ऱ्हायलंय बाबा? व्हते ते समदे गेले."

पुंजाराम ताडकन उठला. नमस्कार केला. तान्हाबाईंना साहेबांच्या खुर्चीत बसवलं, साहेबांच्या कपातून चहा दिला. नकलेच्या भानगडीत तर त्याला आता पडायचंच नव्हतं. त्याने विहिरीचा अस्सल कागदच काढून त्यांच्या हातात ठेवला. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुंजारामला वाटलं, चहात साखर कमी पडली. त्याने आणखी एक चमचा घातला.

सोमवारी प्रांतसाहेबांनी कागद वाचला आणि विहिरीचं कुलूप निघालं. वाडीने पेढे वाटले. कचेरीवर सुतकी कळा पसरली. मागितलेला कागद मागितल्याबरोबर दिला! असा अनर्थ त्या खोलीत आजवर झाला नव्हता. अष्टेकरसाहेबांनी पुंजारामला नोटीस दिली. कागद का दिला याची कारणे दाखवा, नाहीतर घरी जा.

पुंजारामने नोटीस दोनदा वाचली. कारणे लिहा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. दाखवा म्हटलं होतं. तो टोपी घालून तडक वाडीच्या रस्त्याला लागला.

साहेब खुर्चीत पेंगत होते. गलबल्याने जागे झाले. बघतात तर दारात तान्हाबाई, त्यांच्या मागे काठ्या टेकत आलेले वाडीचे सगळे म्हातारे-म्हाताऱ्या, आणि त्यांच्यामागे भरलेले हंडे डोक्यावर घेतलेल्या सुना. विहिरीचं पाणी कचेरीच्या फरशीवर सांडत होतं.

"साहेब, ही कारणं," पुंजाराम म्हणाला. "चालता येत होतं तेवढी आणली. आणि या सगळ्यांना आपापले जुने कागद हवेत."

साहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पुंजाराम जवळ आला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, तेवढं खुर्चीतून उठता का? सगळी मोठी माणसं आहेत."